आमदारांचा कार्यअहवाल कसा वाचायचा?

पाच वर्षांची मुदत संपत आली की घरोघरी एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका येते. मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार, आत सभामंडपापासून उड्डाणपुलापर्यंत सगळ्यांचे फोटो आणि शेवटच्या पानावर एक मोठा आकडा: मतदारसंघात आणलेला एकूण निधी, इतके हजार कोटी. हल्ली पुस्तिकेच्या आधी तेच सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पोहोचते.

असा अहवाल काढलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. त्याचा ठरलेला नमुना नाही आणि त्यातले आकडे कोणी तपासतही नाही. उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र खोटे निघाले तर कायद्याने कारवाई होऊ शकते, कार्यअहवालाला तसले काही लागू नाही. म्हणून त्यात सगळे खोटेच असते असे नाही. बहुतेक अहवालांत धादांत खोटे फार कमी असते. मात्र 'आमदारांनी केले' आणि 'आमदारांच्या काळात झाले' या दोन गोष्टी इतक्या बेमालूम मिसळलेल्या असतात की वाचणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. हे वेगळे करता आले नाही, तर आपल्या गल्लीतल्या गटारासाठी, गावच्या रस्त्यासाठी किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरसाठी आपण वर्षानुवर्षे चुकीचे दार ठोठावत बसतो.

आधी मूळ काम

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार आहेत, विधान परिषदेत ७८. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ९ कोटी ७० लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे विधानसभेच्या एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३० हजारांहून जास्त. या लोकांच्या वतीने कायदे करणे, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणे आणि मंत्र्यांना जाब विचारणे हे आमदाराचे राज्यघटनेने ठरवलेले काम. रस्ते बांधणे, पाइपलाइन टाकणे, बदल्या करणे यातले काहीच त्या यादीत नाही. ती कामे सरकारी खाती आणि स्थानिक स्वराज्य संस्था करतात. आमदार मागणी करतो, भांडतो, पाठपुरावा करतो आणि सत्ताधारी पक्षाचा असेल तर त्याचे जरा लवकर ऐकले जाते.

विधिमंडळाची वर्षात तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराची ती आठवण. तिन्ही मिळून प्रत्यक्ष कामकाजाचे दिवस मोजले तर काही आठवड्यांपलीकडे जात नाहीत. उरलेले वर्ष आमदार मतदारसंघात असतो, लग्नांना, दहाव्याला, उद्घाटनांना जातो आणि तेच लोकांना दिसते. अहवालातही तेच भरलेले असते. सभागृहातले काम एखाद्या पानात उरकलेले असेल, तर ते पान आधी वाचा.

'हे खरे आहे काय'

सभागृहात आमदाराकडे बरीच आयुधे असतात. नेहमीचे म्हणजे तारांकित प्रश्न. तो आधी लेखी द्यावा लागतो, प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात राहतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. तातडीच्या विषयावर नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते. एखाद्या मोठ्या विषयावर नियम २९३ खाली चर्चा मागता येते. शिवाय औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक असे बरेच मार्ग आहेत.

या प्रश्नोत्तरांची भाषा ठरलेली असते. प्रश्न 'हे खरे आहे काय' अशा वळणाने विचारला जातो आणि त्याचे एक-दोन-तीन असे तुकडे पाडलेले असतात. उत्तरातही तुकड्यातुकड्याने 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' असे येते. सवय नसेल तर हे वाचताना हसू येते, पण कामाची माहिती इथेच असते. तुमच्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या पाणी योजनेबद्दलच्या प्रश्नाला मंत्र्यांनी 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर दिले असेल, तर योजना बंद असल्याची सरकारी कबुली तुमच्या हातात आली. पुढच्या तुकड्यात बहुधा कारण आणि केलेली कार्यवाही असते. हे उत्तर जोडून दिलेला अर्ज स्थानिक कार्यालयाला सहज बाजूला टाकता येत नाही.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेले आश्वासन तर त्याहून मोलाचे. 'तपासून घेऊ' आणि 'तीन महिन्यांत काम पूर्ण करू' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांची नोंद होते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. अहवालात 'सभागृहात आवाज उठवला' एवढेच लिहिले असेल, तर पुढचा प्रश्न हाच: उत्तर काय मिळाले?

अहवालात प्रश्नांची संख्या मात्र मोठ्या टायपात छापलेली असते. तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. एकाच प्रश्नाखाली दहा-वीस सदस्यांची नावे असणे नेहमीचे आहे, त्यामुळे शेकडो प्रश्नांचा आकडा सहज उभा राहतो. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था शहरातल्या आमदारांचे प्रगतीपुस्तक काढते. हजेरी, प्रश्नांची संख्या आणि दर्जा असे निकष त्यात असतात. कोणाला किती गुण द्यावेत यावर वाद होऊ शकतो, पण निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली असते. इतर बहुतेक जिल्ह्यांत असे काही नाही, तिथे हे काम आपले आपल्यालाच करावे लागते. तुमचे आमदार मंत्री असतील, तर हा विभाग अहवालात रिकामाच असणार, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यांना त्यांच्या खात्याच्या कारभारावरून जोखायला हवे.

'मंजूर' या शब्दाचे पाच अर्थ

अहवालातला सर्वात कष्टाळू शब्द म्हणजे 'मंजूर'. गावाला जोडणारा समजा चार किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचे डांबरीकरण प्रत्यक्ष व्हायला कागद कुठून कुठे जातो ते पाहा.

आधी मागणीचे पत्र जाते. मग खात्याचे अभियंते जागा पाहून अंदाजपत्रक बनवतात. त्यानंतर ते काम राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्यांमध्ये समाविष्ट व्हावे लागते. इथेच पहिले फटाके वाजतात आणि 'निधी मंजूर' असे फलक लागतात. पण अर्थसंकल्पात काम येणे म्हणजे पैसे येणे नव्हे. दहा कोटींच्या कामासाठी पहिल्या वर्षी काही लाखांची किंवा नुसती नाममात्र तरतूद असू शकते. तिला टोकन तरतूद म्हणतात. काम यादीत राहावे आणि पुढे पैसे मिळत जावेत, असा तिचा हिशेब. फलकावर येतो तो मात्र दहा कोटींचा आकडा.

पुढे प्रशासकीय मान्यता. हे काम करायचे आणि एवढ्या खर्चापर्यंत करायचे, असा हा शासनाचा किंवा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा लेखी निर्णय. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा, मोजमाप आणि दर बरोबर आहेत हे अभियंत्याने तपासून सांगणे. मग निविदा. सर्वात कमी दराची निविदा मान्य झाली की कंत्राटदाराला कार्यारंभ आदेश मिळतो, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. काम सुरू होते, झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते, तिच्यावरून देयक निघते आणि पैसे असतील तर ते चुकते होते.

म्हणजे 'मंजूर' हा शब्द यादीत नाव येण्यालाही वापरतात, प्रशासकीय मान्यतेलाही, निविदेलाही, पैसे सुटण्यालाही आणि काही वेळा मंत्र्यांनी मागणीपत्रावर मारलेल्या शेऱ्यालाही. 'तत्त्वतः मंजूर' हा त्यातला सर्वात स्वस्त प्रकार. यातून सरकार कशालाच बांधले जात नाही.

दोन दगडांमधल्या वाटेत काय काय होऊ शकते, हे अलीकडेच दिसले. २०२२ च्या जून-जुलैमध्ये राज्यात सत्ताबदल झाला आणि आधीच्या सरकारने मान्यता दिलेल्या अनेक कामांना नव्या सरकारने स्थगिती दिली. कार्यारंभ आदेश न निघालेली कामे त्यात अडकली आणि प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात गेली. या कामांचे पेढे काही गावांत आधीच वाटून झाले होते. कार्यारंभ आदेश मिळूनही सगळे सुरळीत होतेच असे नाही. २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटनांनी थकलेल्या देयकांसाठी राज्यभर आंदोलने केली. खडी पडून आहे, रोलर उभा आहे आणि काम बंद आहे, असे दृश्य तुमच्याकडे असेल तर कारण कंत्राटदाराचा आळसच असेल असे नाही. मागची बिले न मिळाल्याने त्याने हात आखडता घेतलेला असू शकतो.

भूमिपूजनाला या साखळीत ठरलेली जागाच नाही. ते वर्क ऑर्डरनंतर व्हावे अशी अपेक्षा असते, पण आचारसंहिता तोंडावर आली की कुदळ आधी पडते. आचारसंहिता लागल्यावर नवी कामे जाहीर करता येत नाहीत, नवे काम सुरू करता येत नाही. प्रत्यक्ष सुरू झालेले काम मात्र चालू ठेवता येते. शेवटच्या पंधरवड्यात एका दिवसात वीस-वीस नारळ का फुटतात, याचे कारण हे.

म्हणून अहवालात क्रियापदे वाचावीत. 'मागणी केली', 'पाठपुरावा सुरू', 'समाविष्ट', 'प्रशासकीय मान्यता', 'प्रगतिपथावर', 'पूर्ण' ही सगळी वेगवेगळी विधाने आहेत. शेवटच्या पानावरच्या हजारो कोटींच्या बेरजेत बहुधा या सगळ्यांना एकाच रांगेत बसवलेले असते.

हा पैसा नक्की कोणाचा?

फलकावरची भाषाही तीन प्रकारची असते. 'यांच्या निधीतून', 'यांच्या प्रयत्नातून' आणि 'यांच्या शुभहस्ते'. यातला फक्त पहिला दावा कागदावर सिद्ध करता येतो.

आमदार निधी, म्हणजे आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी, महाराष्ट्रात २०२२ मध्ये चार कोटींवरून वर्षाला पाच कोटी रुपये झाला. हा पैसा आमदाराच्या हातात किंवा खात्यात येत नाही. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी ते नियमात बसते का पाहून मान्यता देतात आणि सरकारी यंत्रणा ते करून घेते. काम सार्वजनिक उपयोगाचे असावे लागते. समाजमंदिर, व्यायामशाळा, अंतर्गत रस्ता, हायमास्ट दिवे अशी कामे त्यातून दिसतात.

पाच कोटी ऐकायला मोठे वाटतात. तीन लाख ३० हजार मतदारांवर ते वाटून पाहा. माणशी वर्षाला दीडशे रुपयांच्या आसपास येतात. दोन्ही सभागृहांच्या सगळ्या, म्हणजे ३६६ आमदारांचा वर्षाचा निधी एकत्र केला तरी तो १,८३० कोटी होतो. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. त्याच्या पाव टक्क्याच्या आसपास. ज्या निधीवर आमदाराचे नाव लिहिले जाते तो एवढासा आणि ज्या सात लाख कोटींच्या खर्चावर मत देण्यासाठी त्याला निवडून दिले, त्याबद्दल अहवालात बहुधा एक ओळही नसते. मला यातली ही विसंगती सर्वात जास्त खटकते.

मग ते हजारो कोटी कुठून आले? बहुतेक पैसा राज्याच्या खात्यांचा असतो. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षे अहवालांत आणि ग्रामपंचायतीच्या गप्पांत हमखास येतात. पहिले देखभाल-दुरुस्तीचे, दुसरे नव्या बांधकामाचे. '२५१५' म्हणजे ग्रामविकास विभागाचा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचा निधी. त्याला मर्यादा आमदार निधीसारखी ठरलेली नाही. कोणाला किती मिळाले हे मंत्रालयातल्या वजनावर बरेच अवलंबून असते आणि विरोधी आमदारांची 'निधीत दुजाभाव' ही तक्रार मुख्यतः अशाच निधीबद्दल असते. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. गावोगावच्या नळजोडण्या बहुधा २०१९ पासून चालू असलेल्या जलजीवन मिशनमधल्या, ज्यात केंद्र आणि राज्याचा वाटा असतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. हे सगळे एकाच बेरजेत धरले की आकडा फुगतो. खासदारांच्या अहवालात तोच महामार्ग पुन्हा मोजलेला सापडेल, त्यांचा स्वतःचा निधीही वर्षाला पाच कोटींचाच आहे आणि मतदारसंघ विधानसभेच्या सहा पट.

योजनांच्या लाभार्थ्यांचेही असेच. मतदारसंघात लाडकी बहीण योजनेच्या अमुक हजार लाभार्थी, पीएम किसानचे तमुक हजार शेतकरी. या योजना राज्यभर किंवा देशभर एकाच निकषावर चालतात, विरोधी आमदाराच्या मतदारसंघातही तेवढीच नावे निघतील. फॉर्म भरायला शिबिर घेतले, अडलेले अर्ज सोडवले, हे आमदार कार्यालयाचे खरे काम. ते लिहिले असेल तर त्याचे श्रेय जरूर द्यावे.

कोणते दार कोणाचे

गावातला डॉक्टर हे चांगले उदाहरण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. दोन्हींच्या पाट्या सरकारीच, पण तक्रार करायची जागा वेगळी. रस्त्यांचेही तसेच. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, शहरातले रस्ते नगरपालिका किंवा महापालिकेचे. मुंबईत एमएमआरडीए आणि एमएसआरडीसीचीही भर पडते. कचरा, गटार, नळाला येणारे पाणी, रस्त्यावरचे दिवे ही शहरात नगरसेवकाची आणि महापालिकेची कामे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून या संस्थांना घटनेचा आधार मिळाला, तो याचसाठी.

मधल्या काही वर्षांत ही रेघ फार पुसट झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर अनेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचीही त्याच सुमारास. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि प्रशासकांचे राज्य सुरू झाले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिले. या काळात नगरसेवकच नसल्याने तुंबलेल्या गटाराची तक्रारही आमदाराकडे जाऊ लागली. आमदारांना ते फारसे नकोसे होते असेही नाही. प्रशासकाकडून काम करून घ्यायला मध्ये दुसरा कोणी वाटेकरी नव्हता. त्या वर्षांच्या अहवालांत प्रभागातली कामे आमदाराच्या नावावर ढीगभर दिसतात त्याचे हे कारण. आता नगरसेवक असतील तिथे तरी अर्ज आधी त्यांच्याकडे आणि प्रभाग कार्यालयात जावा.

आमदाराच्या पत्राचेही असेच नीट समजून घ्यायला हवे. पत्राने कोणाचा जातीचा दाखला निघत नाही, तो उपविभागीय अधिकारी देतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून. आधारवरचा पत्ता बदलायला मात्र ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर आमदाराची सही चालते, आणि कागदपत्रे नसलेल्या भाडेकरूला ती फार उपयोगी पडते. बाकी बहुतेक पत्रे म्हणजे शिफारस. अधिकाऱ्याने ती वाचावी, उत्तर द्यावे. नियमात नसलेले काम पत्रामुळे नियमात येत नाही. पत्र दिले की तुमची आवक नोंद झालेली प्रत मागून घ्या. जावक क्रमांक नसलेले पत्र आणि तोंडी 'सांगतो मी साहेबांना' यांत फरक नाही.

अहवालात जे नसते

कोणत्या विधेयकावर काय मत दिले, हे अहवालात शोधून सापडणार नाही. त्याला कारणही आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मतदानात आमदाराचे स्वतःचे असे फार थोडे उरते. पण भाषण करता येते, दुरुस्ती सुचवता येते आणि समित्यांत काम करता येते. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, विनंती अर्ज समिती या समित्यांत पक्षांचा आवाज कमी असतो आणि कागद जास्त वाचावे लागतात. तुमचे आमदार कोणत्या समितीवर होते आणि तिने काय अहवाल दिला, हे विचारणारा मतदार क्वचितच भेटतो.

या बाजूचे काम किती मोठे असू शकते, त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, जो आजही पगारातून कापला जातो. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ मध्ये लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. पागे यांच्या नावाच्या फलकाने यातले काहीच झाले नाही.

दुसरे नाव गणपतराव देशमुखांचे. शेतकरी कामगार पक्षाकडून ते सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले. त्यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते, म्हणजे मंत्रालयातल्या वजनाने निधी ओढून आणण्याची सोय त्यांना फारशी नव्हती. दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन मांडत राहणे हा त्यांचा मार्ग. सत्तेत नसलेला आमदार काहीच करू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सांगोल्याचे निकाल पाहावेत.

पडताळायचे कसे

अहवालातली सगळी कामे तपासायला कोणाला वेळ नाही. तुमच्या रोजच्या वाटेवरचे एकच काम निवडा. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस सांगतात. अहवालात शासन निर्णयाची तारीख दिली नसेल, तर ती आमदार कार्यालयाकडे मागा. खरे काम असेल तर कार्यालयातला मुलगा दोन मिनिटांत पीडीएफ पाठवतो. निर्णयात कामाचे नाव, मान्य किंमत, लेखाशीर्ष आणि कोणती यंत्रणा काम करणार हे लिहिलेले असते. सभागृहातल्या प्रश्नांची उत्तरे आणि कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

पुढचा टप्पा माहिती अधिकाराचा. अर्ज आमदाराकडे नाही, काम करणाऱ्या कार्यालयाकडे करायचा. सार्वजनिक बांधकामचा उपविभाग, पंचायत समिती, नगरपालिका, जे असेल ते. दहा रुपयांचे शुल्क, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. 'रस्त्याची सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की मोघम उत्तर येते. त्याऐवजी चार कागद नावाने मागा: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत आणि आजवर दिलेल्या देयकांचा तपशील. कार्यारंभ आदेशावर काम पूर्ण करण्याची मुदत असते. करारनाम्यात दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची. पहिल्याच पावसात खड्डे पडले तर नव्या निधीची मागणी करण्याआधी हा कालावधी संपला आहे का ते पाहावे.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. आणि एक तरतूद फारशी कोणी वापरत नाही. माहिती अधिकार कायद्यात कागदाच्या प्रतींइतकाच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. रस्त्याचे काम चालू असतानाच हा अर्ज केला, तर डांबराचा थर किती इंचाचा पडतो आहे हे मोजायला अभियंत्यासोबत तुम्हालाही तिथे उभे राहता येते.